मागं काय दिसतं

म्हाळूच्या टांग्याचं घोडं बिंदुसरेच्या उतरणीवर गुडघ्यांवर आलं, आणि मागच्या बैठकीवर पाठमोरा बसलेला वैजिनाथ उताणा होऊन आभाळाकडं बघू लागला. झालं एवढंच. दांड्या खाली गेल्या, टांग्याची मागची बाजू वर उचलली गेली, त्याचे पॉलिश केलेले बूट रस्ता सोडून हवेत आले, आणि गळ्यातली लिंगाची चांदीची डबी छातीवरून घसरत येऊन हनुवटीला खट्कन लागली. शेजारी बसलेल्या दानम्मानं एका हातानं पदर धरला, दुसऱ्या हातानं पेढ्यांची टोपली; तिसरा हात असता तर तिनं नवऱ्यालाही धरलं असतं. पुढं बसलेले अप्पा, म्हणजे वैजिनाथचे वडील ईश्वरप्पा, म्हाळूच्या मानेला लोंबकळून वाचले. कुणाला काही लागलं नाही, असं सगळे म्हणाले. घोड्याचे दोन्ही गुडघे हाडापर्यंत सोलले होते आणि पांढऱ्या धुळीत रक्ताचे थेंब पडून जागच्या जागी गोळ्या होत होते. पण घोड्याला धरून कुणी हिशोब करत नाही.

"ऊठ बे! ऊठ!" म्हाळू खाली उडी टाकून चाबकाचा दांडा घोड्याच्या तोंडावर हाणत होता. "आजच पाया पडायचं सुचलं व्हय तुला? बहादूर मानूस बसलाय टांग्यात!" दांडा घोड्याच्या दातांवर लागला की कोरडा आवाज यायचा. वैजिनाथ तो आवाज मोजत होता. एक. दोन. तीन. फाल्गुनातलं आभाळ धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखं कोरं होतं. चार. त्याला पक्कं ठाऊक होतं की आता सगळं अंग शिशाचं होईल, डोळ्यांपुढं काळं येईल, ते ओसरेल, आणि मग त्याला विचारलं जाईल. पाच.

"साहेब," तो म्हणाला.

"कोन सायेब?" दानम्मानं वाकून त्याच्या तोंडाकडं बघितलं. "मी हाय. उठा आता. लोक बघायलेत."

लोक बघतच होते. आज त्याच्या छातीवर सरकारी पदक लागणार होतं, आणि सकाळपासून सगळं बीड त्याच्याकडं बघत होतं. घोडं उठलं, टांगा सपाट झाला, आणि रस्ता पुन्हा त्याच्या पायांखालून निघून मागं मागं पसरत गेला, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला बरं वाटलं. पुढं बसणं त्याला जमत नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कळलं कुणालाच नव्हतं. अर्जुनराव देशमुखांनी टांगा पाठवताना निरोप दिला होता की बहादुरानं पुढं बसावं, लोकांना तोंड दिसावं. वैजिनाथ पुढं चढला, वेशीपर्यंत गेला, आणि घोड्याच्या कानांच्या मधून समोरचा रस्ता अंगावर यायला लागल्यावर त्याला दरदरून घाम फुटला. उतरून तो मागं जाऊन बसला. "बायकांच्या जागी," अप्पा पुटपुटले. "पाठीला डोळे फुटलेत त्यांच्या," दानम्मा म्हणाली, "तोंडाचे डोळे सरकारनं जमा करून घेतले." तिच्या बोलण्याला धार होती आणि ती धार तिनं गेल्या चार महिन्यांत स्वतःच लावली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली तीन लढाईनं नेली, आणि परत दिलेला माणूस जेवायला बसताना भिंतीला तोंड करून बसायचा नाही की बायकोकडं तोंड करून बसायचा नाही. दाराकडं पाठ आणि परसाकडं नजर, जिथं कुणी नसे तिकडं. एकदा भाकरी वाढायला ती त्याच्या पाठीमागून आली आणि खांद्याला हात लावला, तर त्याचं कोपर असं आलं की तिचा ओठ दोन ठिकाणी फाटला. शेजारी तिनं सांगितलं, चौकट लागली. गल्लीतल्या निम्म्या बायकांना ती चौकट माहीत होती. पण बाकीच्यांच्या नवऱ्यांनी बहादुरीचं पदक मिळवलेलं नव्हतं. आणि अप्पांच्या दुकानात गावातला सटवा गूळ घ्यायला आला होता, तेव्हा अप्पांच्या हातून पाच शेराचं वजन पत्र्यावर पडलं. वैजिनाथनं सटवाला ओढून गुळाच्या ढेपांमागं पाडलं, त्याच्यावर आडवा झाला आणि त्याचं तोंड दाबून धरलं. सोडवलं तेव्हा सटवाचे दोन दात हलत होते. सटवा आता ते दात गावभर दाखवत हिंडतो. जपान्याला पाडलं त्याच हातानं हलवलेत, म्हणतो.

लढाईतल्या त्या बॉम्ब टाकायच्या विमानात माणसं दोन. पुढचा चालवणार. मागचा मशीनगनपाशी, शेपटीकडं तोंड करून; तो वैजिनाथ. पुढच्यानं बघायचं कुठं जायचं ते, मागच्यानं बघायचं मागं काय राहिलं ते. दुश्मन मागून येतो म्हणून. लक्ष्यावर आलं की विमान उलटून सरळ खाली सूर मारायचं, आडातल्या बादलीसारखं. तेव्हा पुढच्याला जमीन मोठी मोठी होताना दिसायची, आणि मागचा उताणा पडून आभाळ लांब जाताना बघायचा. अंगाचं वजन नाहीसं व्हायचं. गळ्यातली डबी छाती सोडून वर तरंगायची आणि हनुवटीला, दातांना लागायची. आईनं गळ्यात बांधलेलं लिंग जन्मात एकदाही अंगावेगळं करायचं नसतं, आणि ते इथं स्वतःच निघून चाललंय असं पहिल्या वेळी त्याला वाटलं होतं. त्यानं ते दातांत धरलं होतं. मग बॉम्ब सुटल्याचा हिसका, मग विमान पोट ओढून वर निघायचं आणि तीच डबी जात्याच्या पाळीइतकी जड होऊन छातीत रुतायची. डोळ्यांपुढचं काळं ओसरलं की खाली, शेपटीच्या पलीकडं, ज्याच्यावर बॉम्ब टाकला ते त्याला पहिल्यांदा दिसायचं. बॉम्ब लगेच फुटत नसत. आपलं विमान निसटावं म्हणून त्यांना काही सेकंद थांबायला शिकवलेलं असे. ते सेकंद मागच्याचे. पुढचा समोर बघत असे, खालच्यांना कळलेलं नसे, आणि मागचा एकटाच बघत असे: पडलंय, अजून फुटलं नाही. त्यानंतर कानातल्या फोनमधून पुढचे राधाकिशन साहेब विचारायचे, "मागं काय दिसतं?"

राधाकिशन साहेब औरंगाबादचे. इंग्रजी असं बोलायचे की गोरे साहेबसुद्धा जरा सरळ बसायचे. पण हवेत गेलं की मराठी. फोनवर इंग्रजीतच बोलायचं असा हुकूम होता. "वैजिनाथ, वर कोण ऐकतंय? बोल मराठीत. मरायचंच आहे तर कळेल अशा भाषेत मरू." आणि हसायचे. त्यांचं हसू फोनमधून कानात यायचं तेव्हा कढईत जिरं तडतडल्यासारखं वाटायचं. त्यांनीच त्याला मागून घेतलं होतं, हा मला हवा म्हणून. नेमबाजी बघून. नेम कुठं शिकलास, असं विचारलं तेव्हा वैजिनाथनं खरं सांगितलं: धर्मापुरीला, रानात, माळ्यावर. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर राघू पडायचे आणि तो गोफण फिरवायचा. राघू जिथं आहे तिथं मारायचं नसतं, जिथं जाणार तिथं मारायचं. एकदा एक राघू लागून खाली आला, डोकं नव्हतं, आणि तरी पंख त्याला चार हात घेऊन गेले. अप्पांनी त्या दिवशी त्याला शेरभर शेंगा दिल्या. विमानं पाडायचं गणितही तेच होतं, फक्त शेंगा नव्हत्या.

टांगा नदीच्या पात्रातून पलीकडं चढला. घोडं लंगडत होतं आणि वैजिनाथला रस्त्यावर त्याच्या गुडघ्यांचे थेंब दिसत होते, एकाआड एक, टांग्याच्या मागं मागं सुटत जाणारे. ते फक्त त्यालाच दिसत होते. "अप्पा," तो मान न वळवता म्हणाला, "कचेरी तर मागं राह्यली."

"कचेरीत न्हाई ठिवलं," अप्पा पुढून ओरडले. "मानसं लई व्हनार. दिंद्रुडची आलीत, चकलांब्याची गाड्या जुपून आलीत. कचेरीत मावतील व्हय? अर्जुनरावांच्या खळ्यावर हाय. मळनी थांबवलीया त्यांनी आजच्याला. तालुकदार सायेब सवता येनार."

खळ्यावर.   वैजिनाथनं चालत्या टांग्यातून उतरायला एक पाय खाली सोडला आणि मधली पेढ्यांची टोपली कलली. दानम्मानं टोपलीवर हात ठेवला, मग टोपली बाजूला सारून त्याच्या मांडीवरच हात ठेवला. भर रस्त्यात. तिनं आजवर असं केलं नव्हतं.

साहेबांबरोबरच्या शेवटच्या उड्डाणाच्या सकाळी तंबूत मोठा फोटो टांगला होता, आभाळातून काढलेला. फोटो वाचणारा साहेब छडीनं दाखवत होता. नदी. नदीचं वळण. वळणापाशी एक फिकट गोल, त्याला गडद कड, मधोमध एक ठिपका आणि ठिपक्याची आखूड सावली. तोफेचा खड्डा, साहेब म्हणाला. सावली म्हणजे तोफेची नळी. बाजूचा ढीग म्हणजे दारूगोळा, वर गवत झाकलेलं. सगळ्यांनी माना हलवल्या. वैजिनाथ सगळ्यांत मागं उभा होता आणि त्याच्या नाकाला ज्वारीच्या भुसाचा वास आला. सारवलेलं गोल अंगण. मधली मेढ, मळणीचे बैल बांधायचा खांब. तिच्याभोवती बैलांच्या पायांनी पडलेला कडेचा माग. बाजूला कडब्याची गंज. हे असं धर्मापुरीच्या प्रत्येक रानात होतं. चालायला शिकला तेव्हापासून त्यानं मेढीला धरून गोल गोल चकरा मारल्या होत्या. ब्रह्मदेशातल्या त्या आराकानात ज्वारी नसेल, भात असेल. बैल तर बैलच असणार. हे खळं हाय, हे तीन शब्द त्याच्या जिभेवर आले. साहेबानं विचारलं, कुणाला काही विचारायचंय? वैजिनाथचा हात उठला. खांद्यापर्यंत उठला. आणि मग त्याला बगळे आठवले.

आठ दिवसांपूर्वी तो हवेत ओरडला होता, दुश्मन, मागून, पाच! आणि राधाकिशन साहेबांनी विमान असं वळवलं होतं की पोटातलं पाणी तोंडात आलं, बरोबरच्या तीन विमानांचीही पांगापांग झाली, बॉम्ब जंगलात टाकून सगळे परतले. पाच बगळे होते. ओळीनं चाललेले, उन्हात चमकणारे. त्या दिवसापासून जेवणाच्या तंबूत तो शिरला की कुणीतरी एका पायावर उभं राहायचं. गोरे, पंजाबी, मद्रासी, सगळ्यांना तेवढा एक मराठी शब्द आला होता. बगळा. आता तो म्हणणार होता की साहेब, ही तोफ नाही, हे आमच्या गावाकडं असतं तसलं काहीतरी आहे. त्यानं उठलेला हात मानेमागं नेला आणि मान खाजवली. खाजत नव्हती तरी बराच वेळ खाजवली. माणसं कशानं मरतात हे त्याला तेव्हापासून विचारलं तर तो सांगू शकेल. हसं होईल म्हणून मरतात. दुसऱ्याचं.

टांगा थांबला. ताशे वाजायला लागले आणि वैजिनाथ खाली वाकला. दानम्मानं त्याच्या कॉलरला धरून त्याला सरळ केलं, हार नीट करावा तसं. "चला," ती म्हणाली. "मी बायांत बसते, कनातीमागं. तुमच्या पाठीलाच. काई झालं तर खाकरा." अर्जुनराव पुढं आले. गलमिशांचा, गोड बोलणारा माणूस, ह्या भागातली निम्मी काळी रानं त्याची. "या, या! अवो, किती वाट बघायची!" त्यांनी त्याला कवेत घेतलं आणि कानाशी तोंड आणलं. "लांबड लावू नका. तोफेचं सांगा, आन जपान्याचं विमान पाडलं त्ये सांगा. थितं टेबलापाशी भरतीचा कारकून बसलाय बघा. चाळीस पोरं बसलीत, तुमच्या तोंडाकडं बघून आंगठा द्यायला. तालुकदार सायबाला म्या शब्द दिलाय."

खळं मोठं होतं. ताजं सारवलेलं, वर शेणाचा हिरवट ओलसर वास. मधली मेढ कागदी झिरमिळ्यांनी आणि सरकारी झेंड्याच्या कापडानं गुंडाळली होती; तिच्या पायथ्याला खुर्च्या. कडेला, मळणी थांबवून बांधलेले सहा बैल, शिंगांना गोंडे, तोंडांना अजून मुसक्या. एका बाजूला कणसांचा ढीग, धान वाऱ्यावर सोडून उपणायला लागते ती तीन पायांची उंच तिवई आडवी टाकलेली. तालुकदार साहेब, जिल्ह्याचे सगळ्यांत मोठे अंमलदार, बूट घालूनच मेढीपाशी गेले, मागं कचेरीतले दहा-बारा बूट. सारवणावर टाचा उमटत गेल्या. कडेला एक उंच, वाळकी म्हातारी खराटा घेऊन उभी होती. ती म्हणाली, कुणाला असं नाही, "धान पडतं त्या जागी. कातडं घालून." ही सुभद्राबाई, तीस वर्षं अर्जुनरावांच्या खळ्यावर उपणणी तिचीच. "गप ए," कुणीतरी तिला म्हणालं. वैजिनाथनं खाली बसून बूट काढले. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती म्हणून नाड्या सुटायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ चार-पाचशे माणसं त्याच्या टाळूकडं बघत राहिली. मोजे काढून तो खळ्यात शिरला. तळव्यांना सारवण गार लागलं. समोर मेढ होती, आणि तिची सावली आखूड होती, अगदी तेवढीच.

त्याला खुर्चीवर बसवलं, लोकांकडं तोंड करून. पाठीशी मेढ, मेढीच्या पलीकडं कनात. उर्दूत सनद वाचली जाऊ लागली. बॉम्बफेकीच्या कामगिरीत दुश्मनाची तोफ बरबाद करून. परतताना दुश्मनाच्या लढाऊ विमानाचा हल्ला. जखमी हालतमध्ये शेवटच्या गोळीपर्यंत मुकाबला. शब्द चांगले होते. त्यांच्या मधून त्याला तेच दिसत होतं, तोफ सोडली तर खोटं त्यात काही नव्हतं. शेपटीच्या खालून ते विमान आलं तेव्हा बॉम्ब फुटून पाच मिनिटं झाली होती आणि वैजिनाथ त्याची वाटच बघत होता. कुणीतरी यावं, ज्याला मारता येईल. त्यानं लिव्हर दाबला आणि सोडला नाही. तापलेली पितळी काडतुसं मांड्यांवर पडून कातडी भाजत होती. डाव्या हाताला काहीतरी चाटून गेलं आणि बोटं गेली, तो बघत राहिला, गेली तर गेली. समोरच्या इंजिनातून आधी तेल आलं, मग आग. पंख मुळापासून मोडला, आणि आतून एक माणूस बाहेर आला, हातपाय असलेला, कपड्यांना आग लागलेला, आणि पडायला लागला. राघू जिथं आहे तिथं मारायचं नसतं, जिथं जाणार तिथं मारायचं. वैजिनाथनं त्याच्या खाली नेम धरला. शेवटची गोळी, सनदेत लिहिलेली ती, त्या पडणाऱ्या माणसात गेली. आणि त्याआधीच्या साठ-सत्तर. त्याचे तुकडे झाले तरी तो दाबून होता, कारण थांबलं की ऐकू येणार होतं.

"मागं काय दिसतं?" राधाकिशन साहेबांचा आवाज तेव्हा ओला झाला होता. त्यांच्या पोटात गोळ्या गेल्या होत्या. "मोकळं हाय, साहेब." चाळीस मिनिटं त्यांनी विमान चालवलं. नाक वर केलं की त्यांचं रक्त विमानाच्या तळावरून वाहत मागं त्याच्या बुटांपाशी यायचं, नाक खाली केलं की परत त्यांच्याकडं जायचं. दर थोड्या वेळानं ते विचारायचे, आणि तो म्हणायचा मोकळं हाय. मग एकदा त्यांनी दुसरंच विचारलं. "वैजिनाथ, तोफ उडाली ना? नक्की?" आयुष्यात त्यांचा बॉम्ब इतका नेमका मधोमध कधी पडला नव्हता. मघाशी, पहिल्यांदा विचारलं तेव्हा, ते सेकंद चालू असताना, पडलंय आणि फुटलं नाही अशा वेळी, वैजिनाथनं उत्तर देऊन टाकलं होतं. तोफ उडाली, साहेब. उडायच्या आधी. कारण दुसरं जे दिसत होतं ते सांगून काय होणार होतं? आता त्यानं पुन्हा सांगितलं. नक्की, साहेब. कानात जिरं तडतडलं. विमान जमिनीला लागलं, धावलं, थांबलं, आणि पुढून कुणी उतरलं नाही.

टाळ्या. तालुकदार साहेबांनी त्याच्या छातीवर पदक टोचलं; ते लिंगाच्या डबीवर बरोबर येऊन बसलं आणि दोन धातूंचा बारीक आवाज झाला. "माशाल्ला," तालुकदार साहेब म्हणाले. "अब आपकी जबानी."

तो उभा राहिला. चार-पाचशे तोंडं होती, आणि अगदी पुढं ती चाळीस, नव्या मिसरुडांची, दोऱ्यात ओवल्यासारखी. त्यांच्या मागं रान, रानापलीकडं बीडची मशीद, वेस, सगळं त्याच्या अंगावर येत होतं, मोठं मोठं होत. जमीन अशीच येत असेल, साहेबांना. 

"तोफ," तो म्हणाला आणि थांबला.

"हां, तोफ!" अर्जुनराव खुर्चीतून म्हणाले. "सांगा, सांगा. कशी उडाली?"

तोफ उडाली म्हटलं की चाळीस आंगठे. मग त्यांच्यातला एखादा असाच एखाद्या तंबूत मागं उभा राहील, हात खांद्यापर्यंत नेईल आणि मान खाजवेल. वैजिनाथनं खुर्ची उचलली. लोकांना वाटलं, बाजूला ठेवतोय. त्यानं ती फिरवली, लोकांकडं पाठ करून ठेवली, आणि तिच्यावर बसला. मेढ आता त्याच्या समोर होती. पुढची पोरं हसली. कुणीतरी शीळ घातली. "असंच बसतेत विमानात," म्हाळूनं सगळ्यांना समजावलं, "म्या टांग्यात बगितलंय," आणि परत टाळ्या पडल्या. मेढीच्या पलीकडं कनातीची खालची कड बायकांनी कधीच हातभर वर केली होती, आणि त्या फटीत चाळीस-पन्नास तोंडं एकावर एक रचलेली होती. मधोमध दानम्मा. तिच्या ओठावर दोन पांढरे वण होते. ते त्यानं आज बघितले.

"मागं दिसतंय ते सांगतो, साहेब," वैजिनाथ म्हणाला. आवाज फोनमध्ये बोलतात तसा, सपाट. "तोफ न्हाई. खळं हाय."

मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अर्जुनरावांच्या खळ्याचं कौतुक चाललंय असं त्याला वाटलं असावं.

"मळनी चालली व्हती. आपल्यावानी. मंदी मेढ, पातीला सा बैलं. फोटोत म्या वळखलं व्हतं, साहेब, सकाळीच. बोललो न्हाई. हसतेन म्हनून बोललो न्हाई. आता चार बैलं न्हाईतच. एक मेढीला लोंबतंय, त्याचं दावं तुटलं न्हाई. एक चालायलंय. पोट सांडलंय त्याचं, मागं ओढत यायलंय, तरी गोल चालायलंय. त्येला थांब म्हनायला कुनी राह्यलं न्हाई. हाकनारा म्हातारा कडब्याच्या गंजीवर हाय, निम्मा. गंज पेटलीया."

टाळ्या थांबल्या होत्या. बांधलेल्या बैलांपैकी एकानं मान झटकली आणि गोंडे वाजले. "क्या कह रहा है?" तालुकदार साहेबांनी विचारलं.

"बाया?" कडेवरून सुभद्राबाईनं विचारलं. शेजारणीला चौकशी करावी तसं.

"दोघी खळं झाडीत व्हत्या. त्या दिसत न्हाईत."  इथवर तो रोज येत असे, सहा बैल, म्हातारा, दोघी, आणि इथं थांबत असे. भिंतीपाशी, परसाकडं बघत, घास हातात धरून. "आन एक तिवईवर व्हती. फुटायच्या आदी. उपनीत व्हती. पाटी हितं, डोक्याच्या वर. बॉम्ब तिच्यापसून धा हातांवर रुतला व्हता, धूळ उडालती. बाकीचे पळाय लागले. तिनं वर बगितलं. माज्याकडं. आमी एवढे जवळ व्हतो, साहेब, तिच्या नाकातली चमकी दिसली मला. आन ती पाटी सोडीना. धान खाली पडाय लागलं व्हतं, भूस उडाय लागलं व्हतं, ती तशीच उभी. म्या मोजीत व्हतो. सा. सात. उतर म्हनलो मी. तुमाला ऐकू गेलं आसंल. तुमी म्हनलाव, काय? म्या म्हनलो, तोफ उडाली, साहेब."

"वारं व्हतं का?" सुभद्राबाई म्हणाली.

"व्हतं."

"मंग कशी उतरंल ती." म्हातारीनं खराटा खाली ठेवला. "वारं धरलं की अर्दी पाटी सोडता येत न्हाई. म्या बी उबी राह्यले आसते."

मागं काहीतरी चाललं होतं. खुर्च्या सरकत होत्या. अर्जुनराव कुणाला तरी हळू आवाजात शिव्या देत होते, एक पोरगं मोठ्यानं काहीतरी बोललं, अप्पांचा रडका आवाज आला, "वैजा, आरं वैजा." मग सारवणावरून बूट यायला लागले, त्याच्या पाठीच्या दिशेनं, दोन जोड, किंवा तीन. वैजिनाथच्या पाठीचं कातडं आक्रसलं. तीन वर्षांत त्यानं पाठ अशी कुणाला दिली नव्हती. मान आपोआप वळायला लागली.

कनात वर झाली आणि दानम्मा वाकून बाहेर आली. पदर डोक्यावर, हातात अजून ती टोपली. शेकडो पुरुषांदेखत ती अनवाणी खळ्यातून चालत आली आणि त्याच्यासमोर, मेढीला टेकून, खाली बसली. त्याच्या तोंडाकडं तोंड करून. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेली आणि तिथं, जे काय येत होतं त्याच्यावर, ठरली.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "मागचं मी बघते."